मुद्देमाल : स्टीलची वाटी, एक नग

सौरभ धुरी खुनात दोषी ठरला. त्याला शिक्षाही झाली आणि ती त्याने सुई-दोऱ्यासकट भोगली. पण घाटकोपरला त्याच्या घरी हा विषय काढायचा नाही असं ठरलं आहे. म्हणून आपणही असं काही घडलंच नाही असं धरू आणि हजेरीपटापासून सुरुवात करू.

मुलुंडच्या एका कॉलेजात फॉरेन्सिक सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला सौरभ अकरा नंबरवर होता. बारा नंबरवर गोराईची ॲश्ली डिमेलो. इंग्रजी अक्षरांच्या कृपेने धुरी आधी यायचे आणि डिमेलो नंतर. तीन वर्षांत सौरभ ॲश्लीच्या पुढे होता अशी ही एकमेव जागा, आणि रोज सकाळी हजेरी होईपर्यंत तो ती मनापासून उपभोगायचा.

बाकी सगळीकडे ॲश्ली पुढे. ती खाडी बोटीने ओलांडून, मग दोन वाहनं बदलून यायची आणि पहिल्या बाकावर बसलेली असायची. सौरभ पाच स्टेशनांवरून यायचा आणि दारात उभा राहून "मे आय कम इन" म्हणायचा. रक्ताच्या शिंतोड्यांचं प्रॅक्टिकल झालं तेव्हा सगळा वर्ग पट्टी आणि कोनमापक घेऊन कागदावर वाकला होता. ॲश्लीने नुसतं बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, हे कंबरेच्या उंचीवरून पडलंय, आणि कापणारा डावखुरा आहे." तिची आई सेराफिना बोरिवलीच्या बाजारात मासे विकायची. ॲश्लीचं बालपणच शिंतोड्यांत गेलं होतं. गाठींचं प्रॅक्टिकल आलं, तर हिच्या घरी जाळी.

सौरभने त्या संध्याकाळी घरी येऊन आईची चौकशी केली.

"आई, तू काय काय कापतेस?"

"भेंडी," शेवंती म्हणाली.

"रक्तबिक्त येईल असं काही नाही?"

"तू असाच डोक्याशी बसून राहिलास तर येईल."

एकूण घरात करिअरला पोषक वातावरण नव्हतं. वडील बाळा धुरी बस डेपोत मेकॅनिक. त्यांनी मात्र सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं, "पोरगो खुनाचा शिकता." लोक कौतुकाने आणि जरा लांबूनच बघायचे.

आता मुद्द्याची गोष्ट. अंधेरीला एक खासगी प्रयोगशाळा आहे, तिथे खोट्या सह्या ओळखायचं काम चालतं. दरवर्षी ती या कॉलेजातून एकच मुलगा किंवा एकच मुलगी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला घेते. त्यासाठी विभागप्रमुख मनाली मॅडमचं शिफारसपत्र लागतं, आणि ते शेवटच्या प्रॅक्टिकलमध्ये पहिल्या येणाऱ्याला मिळतं. सरकारी प्रयोगशाळेत जागा निघतात, पण निघाल्या होत्या हे कळतं तेव्हा त्या भरलेल्या असतात. त्यामुळे फॉरेन्सिक शिकून मोबाइलच्या दुकानात लागायचं नसेल, तर ते पत्र पाहिजे. सौरभला ते पाहिजेच होतं. त्याहून जास्त पाहिजे होतं ते ॲश्लीला न मिळणं.

शेवटचं प्रॅक्टिकल म्हणजे खोली क्रमांक चौदामध्ये खून. मयत कापसाचा होता. शकुमावशी, म्हणजे विभागातल्या मदतनीस, यांनी तो स्वतः शिवला होता आणि त्याला नवऱ्याचा जुना सफारी शर्ट घातला होता. सहा वर्षं दर मार्चमध्ये त्याचा खून होत होता. मुलांनी एकेकट्याने आत जायचं, पंधरा मिनिटांत पुरावे शोधायचे, फोटो काढायचे, काही हलवायचं नाही, बाहेर येऊन अहवाल लिहायचा आणि छापील यादीतल्या पाच संशयितांपैकी एकाचं नाव द्यायचं. परीक्षा दहाला सुरू. अकरा नंबर साडेबाराला. बारा नंबर पावणेएकला.

सौरभची योजना साधी होती. आपलं काम झालं की निघताना मयताजवळ एक पांढरं बटण टाकायचं. पाठोपाठ येणारी ॲश्ली त्या बटणाच्या मागे लागेल, त्यावर पानंच्या पानं लिहील आणि वाट चुकेल. त्याने त्यासाठी बाबांच्या शर्टाचं बटण तोडून फ्रिजवर काढून ठेवलं. ते फ्रिजवरच राहिलं.

हे त्याला आत, मयताच्या उशाशी उभं राहिल्यावर कळलं. तोपर्यंत त्याचं काम झकास झालं होतं. डोक्यावर पेपरवेटचा घाव, पेपरवेट टेबलाखाली, संशयित 'क'. चार मिनिटं उरली होती. त्याने खिसे चाचपले, मग सॅक उघडली. सॅकमध्ये होता डबा, बारा वाजता व्हरांड्यात खाऊन संपवलेला. डब्यात वाटी. वाटीच्या कडेला काळ्या वाटाण्याचं सांबारं लागलेलं.

विष! सौरभच्या डोक्यात उजेड पडला. मयताजवळ उष्टी वाटी म्हणजे विषप्रयोग. ॲश्ली डोक्यावरचा घाव सोडून पोटात शिरणार.

त्याने हातमोजे काढले, कारण घरच्या वाटीला ते रबरी मोजे लावणं त्याला कसंतरी वाटलं, आणि वाटी मयताच्या उजव्या हाताशी, हातून निसटल्यासारखी, नीट आडवी ठेवली. बाहेर मनाली मॅडम घड्याळ घेऊन उभ्या होत्या. "काय रे, झालं?" "झालं मॅडम," सौरभ म्हणाला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने ॲश्लीसाठी दार उघडून धरलं.

"थँक्स रे," ती म्हणाली. दारातच थबकली, नाकाने हवा ओढली, आणि आत गेली.

आता वाटीबद्दल थोडं सांगायला हवं. ज्याच्या घरात स्टीलची भांडी आहेत त्याला माहीत असतं की ही भांडी मुकी नसतात. कुणाच्या लग्नात कुणी दिलं, कुठल्या मावशीने, कुठल्या साली, हे सगळं त्यांच्यावर कोरलेलं असतं. सौरभ ज्या वाटीतून पहिलीपासून सांबारं खात होता तिच्या तळावर काय कोरलंय, हे मात्र त्याने कधी वाचलं नव्हतं. बोटाने निपटून खाणाऱ्या माणसाचा वाटीच्या खालच्या बाजूशी संबंध येत नाही.

तिथे लिहिलं होतं : कै. धाकू गणू धुरी यांच्या पुण्यस्मरणार्थ. धुरी परिवार, घाटकोपर. २००९.

संध्याकाळी सहा वाजता बाह्य परीक्षकांनी पेपर तपासायला घेतले. ते निवृत्त पोलीस निरीक्षक होते आणि सकाळपासून स्टाफरूममध्ये चहा पिऊन कंटाळले होते. पहिल्या अकरा अहवालांत संशयित 'क' होता. बारा नंबरपासून वाटी सुरू झाली. खोलीत वाटीला हात लावायचा नव्हता, पण वाकून आडव्या वाटीच्या तळाचा फोटो काढायला बंदी नव्हती, आणि सगळ्यांनी काढला होता. उरलेल्या वीसपैकी अठरा जणांनी छापील यादी बाजूला ठेवून सहावा संशयित लिहिला होता : धाकू गणू धुरी. तेरा नंबरच्या ओजसने तर शेरा मारला होता, "आरोपी कैलासवासी असूनही सक्रिय दिसतो."

"मॅडम, हा धाकू कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"माझ्या खुनात असा कोणी नाही हो," मनाली मॅडम म्हणाल्या.

परीक्षकांचा चेहरा खुलला. दहा वर्षं ते अशा परीक्षांना येत होते आणि आज पहिल्यांदा काहीतरी घडलं होतं. त्यांनी वाटी पाकिटात घातली, लाखेचं सील ठोकलं, वर लिहिलं 'मुद्देमाल क्र. १', आणि धुरी आडनावाच्या एकमेव विद्यार्थ्याला आत बोलावलं.

"हे नाव ओळखीचं वाटतं?"

"नाही सर," सौरभ म्हणाला. "म्हणजे धुरी पुष्कळ असतात. आणि या वाट्या एक्कावन्न वाटल्यात, कोणाचीही असू शकते."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

"एक्कावन्न," परीक्षक म्हणाले.

सौरभची वाट लागली होती. पण परीक्षकांना घाई नव्हती. नोकरीत असताना त्यांना सदैव घाई होती, त्याचा आता ते वचपा काढत होते. त्यांनी फर्मान काढलं की उद्या सकाळी अकरा वाजता आरोपीच्या वारसाने हजर राहावं. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र निघालं, विषय : 'कै. धाकू गणू धुरी यांच्यावरील खुनाच्या संशयाबाबत', आणि ते सौरभच्याच हाती घरी पाठवलं गेलं.

बाळा धुरींनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचलं.

"माझ्या बापाशीन खून केल्यान?" ते ओरडले. "अरे, त्याने जन्मात कोंबो कापल्यान नाय! कोंबो कापूचो म्हटलो की तो माडाखाली जाऊन डोळे मिटून बसायचो!"

"बाबा, फक्त संशय आहे," सौरभ म्हणाला.

"वाटी तिथे पोचली कशी पण?" शेवंतीने विचारलं. "आपल्याकडे चौदा आहेत. एक्कावन्न केल्या होत्या, सदतीसच माणसं आली. भांडुपचे आले नाहीत. मला सगळे लक्षात आहेत."

"भांडुपच्यांकडेच असेल एखादी," सौरभ घाईने म्हणाला.

"आलेच नाहीत तर असेल कशी?" शेवंती म्हणाली, आणि भांडी मोजायला आत गेली. आतून तिचा आवाज आला, "तेरा."

दुसऱ्या दिवशी बाळा धुरी इस्त्रीचा शर्ट घालून, २००९ सालची वही काखेत मारून विभागात हजर झाले. वहीत कुणाकुणाला वाटी दिली ती नावं होती. परीक्षकांनी ती आदराने हातात घेतली. अशी कागदपत्रं त्यांना खात्यातसुद्धा मिळाली नव्हती.

"साहेब, माझो बापूस गिरणीत होतो," बाळा धुरी म्हणाले. "तीस वर्षं एक खाडा नाय. त्याच्या नावावर असा काय तरी लागला तर मी गावाक तोंड दाखवू कसा?"

"काका, तुम्ही बसा ना," मागून आवाज आला. ॲश्ली होती. अठरा जणांनी धाकूला धरला, पण तिने नव्हता धरला, म्हणून परीक्षकांनी तिला मुद्दाम बोलावलं होतं. "तुमच्या वडिलांविरुद्ध केस टिकतच नाही. वाटी जुनी आहे, पण कडेचं सांबारं सुकलेलं नव्हतं. जास्तीत जास्त पाऊण तासापूर्वीचं. भाजलेलं खोबरं, काळे वाटाणे. सतरा वर्षांपूर्वी गेलेला माणूस गरम सांबारं कसं खाईल?"

बाळा धुरींनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं सौरभकडे दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. "गो बाय, तुझा नाव काय?"

"ॲश्ली."

"आणि सौरभ, तू काय लिवलंस आजोबाबद्दल?" बाळा धुरींनी विचारलं.

"मी त्यांचं नावच घेतलं नाही बाबा," सौरभ म्हणाला. हे खरं होतं, पण बाळा धुरींच्या चेहऱ्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

सौरभ आतून पेटला होता. आजोबा त्याचे, वाटी त्याची, सांबारं त्याच्या आईचं, कट त्याचा. आणि टाळ्या हिला!

परीक्षकांनी ॲश्लीच्या अहवालाचं नववं पान उघडलं. "इथे लिहिलंयस, वाटी ठेवणारी व्यक्ती हजेरी क्रमांक एक ते अकरापैकी असावी, अधिक मत देण्यास असमर्थ. असमर्थ का? वाटीवरचे बोटांचे ठसे मी सील करायच्या आधीच उचलून ठेवलेत. दुसऱ्या वर्षी तुम्ही सगळ्यांनी दहा बोटांचे ठसे फाइलला लावलेत. काढ फाइल, जुळव."

"सर, उद्या केलं तर चालेल?" ॲश्ली म्हणाली.

सौरभला वाटलं, बघा भाव कशी खातेय. तो आवेशात म्हणाला, "उद्या कशाला? आत्ताच कर ना! येत नाही का?"

हे वाक्य त्याच्या कारकिर्दीतलं सर्वात महागडं होतं. ॲश्लीने त्याच्याकडे अतिशय दुःखाने पाहिलं, भिंग उचललं, आणि सहा मिनिटांत उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जुळवून टेबलावर ठेवली. अकरा नंबर. हजेरीपटावर तो इथेही तिच्या आधी आला होता.

"मेल्या," बाळा धुरी शांतपणे म्हणाले. ते ओरडले असते तर सौरभला बरं वाटलं असतं. "आजोबाक अडकवलंस."

"बाबा, मला त्यांना नव्हतं अडकवायचं."

"मग कुणाक?"

सौरभची नजर ॲश्लीकडे गेली, आणि खोलीत बसलेले सगळे तपास या विषयातले असल्यामुळे सगळ्यांना कळलं.

निकाल त्याच दुपारी लागला. धाकू गणू धुरी यांची पुराव्याअभावी सुटका झाली. अठरा जणांचे मार्क कापले गेले. गुन्ह्याच्या जागी भेसळ केल्याबद्दल सौरभ दोषी ठरला. मनाली मॅडम त्याला नापास करणार होत्या, पण परीक्षकांनी मध्ये पडून काठावर पास केलं आणि शेरा लिहिला, "दिशाभूल करण्याची हौस चांगली. तळ बघण्याची सवय नाही." शिक्षा म्हणून मयताचं पोट, जे सहा वर्षांच्या खुनांनी उसवलं होतं, ते नवा कापूस भरून शिवून द्यायचं होतं. शकुमावशी बाजूला स्टूल टाकून बसल्या. "टाका जवळ घाल रे," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचा शर्ट आहे तो." अंधेरीचं शिफारसपत्र ॲश्लीला मिळालं.

मयत शिवून झाल्यावर सौरभ जिन्यात बसला होता. ॲश्ली शेजारी येऊन बसली.

"बोल ना," सौरभ म्हणाला. "हस. जिंकलीस."

"मला दारातच कळलं होतं, तुझी वाटी आहे ते."

"ठशांवरून?"

"अरे, वासावरून! तीन वर्षं रोज माझ्या मागच्या बाकावर डबा उघडतोस तू. सोमवारी वालाची उसळ, बुधवारी सांबारं. माझी मम्मी पहाटे जाते बाजारात, मी रोज कॅन्टीनचा थंड सामोसा खाते. जळते यार मी तुझ्यावर. पहिल्या बाकावर का बसते माहितीये? मागे बसलं की तुझा डबा दिसतो."

सौरभ हे पचवत राहिला. ॲश्ली डिमेलो त्याच्यावर जळत होती. तीन वर्षं! आणि त्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही. एवढं सुख वाया गेलं.

"मग अहवालात माझं नाव का नाही लिहिलंस?"

"वास हा पुरावा नाही धरत. आणि तू रस्टिकेट झाला असतास तर वासही गेला असता ना."

"मग नऊ पानं कशाला लिहिलीस?"

"मार्क नकोत का मला?" ॲश्ली म्हणाली.

गोष्ट इथे गोड संपली असती. पण विभागात विसरलेली वही घ्यायला परत आलेले बाळा धुरी वरच्या पायरीवर उभे होते, आणि त्यांनी सगळं ऐकलं. संध्याकाळी ते शेवंतीच्या कानावर गेलं. "पोर थंड सामोसा खाते?" शेवंती म्हणाली, आणि तेवढ्यावर तिचा तपास पूर्ण झाला. लेखी परीक्षा सुरू व्हायला अजून तीन आठवडे होते. सोमवारपासून सौरभच्या सॅकमध्ये दोन डबे जाऊ लागले. ॲश्लीच्या डब्यात मोठी वाटी. सेराफिनाबाईंकडून डबा रिकामा परत येणं शक्यच नव्हतं, त्यात कधी सुकटाची चटणी, कधी तळलेली कोलंबी येई, आणि शेवंती ती खाऊन म्हणे, "हाताला काय चव आहे! घरात मुलगी असावी ती अशी."

सौरभची वाटी सीलबंद होती आणि उरलेल्या तेरा शेवंतीने कुलपात ठेवल्या होत्या, त्यामुळे तो सांबारं डब्याच्या झाकणात घेऊन खाई. झाकण उथळ असतं. वाटाणे निसटतात. आणि पहिल्या बाकावरून उठून आता त्याच्याच शेजारी बसणारी ॲश्ली मोठ्या वाटीतून, बोटाने निपटून, सावकाश जेवत असे.

वाटी परत मागितली तेव्हा विभागातून उत्तर आलं की मुद्देमाल मूळ मालकानेच समक्ष येऊन, ओळखपत्र दाखवून, सही करून न्यायचा असतो. त्यावर सौरभने अर्ज केला. तो विभागाच्या आवक वहीत नोंदला गेला आहे, आणि तिथेच आहे :

"माननीय विभागप्रमुख यांस, अर्जदार हा खोली क्रमांक चौदामधील कापसाच्या खुनात दोषी असून त्याने शिक्षा पूर्ण भोगली आहे, टाके शकुमावशींनी तपासले आहेत. मुद्देमाल क्र. १ वर ज्यांचे नाव आहे ते मूळ मालक सन २००८ पासून समक्ष हजर राहण्यास असमर्थ आहेत. सबब त्यांना प्रत्यक्ष हजेरी, ओळखपत्र व सही यांतून सूट मिळावी, वाटी परत करताना ती रिकामी देऊ नये, कारण तशी पद्धत नाही, आणि वाटी अर्जदाराच्या हाती पडेपर्यंत अर्जदाराच्या मातोश्री सौ. शेवंती बाळा धुरी यांनी हजेरी क्रमांक बारा यांस अर्जदारापेक्षा एकही वाटाणा जास्त वाढू नये, असा मनाई हुकूम विभागाने आपल्या स्तरावर, त्वरित व बुधवारच्या आत काढावा, ही नम्र विनंती."